पाणचक्कीचे घर

विक्रीच्या जाहिरातीला स्वतःचे असे एक व्याकरण असते. तिच्यात क्रियापदे थोडी आणि विशेषणे फार. जे आहे ते ती एका विशेषणात सांगते आणि जे अडचणीचे आहे ते दुसऱ्या विशेषणाआड ठेवते. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉल परगण्यातील एका घराची अशी जाहिरात २०२४ च्या उन्हाळ्यात माझ्या पाहण्यात आली. एका जुन्या पाणचक्कीच्या घराला तिच्यात ‘ऐतिहासिक’, ‘रूपांतरित’ आणि ‘समुद्रानजीक’ अशी तीन विशेषणे लावलेली होती आणि शेवटी, जरा बारीक अक्षरांत, ‘विक्रीस उपलब्ध’ एवढे दोनच शब्द होते. या चार पदांचा अर्थ लावण्यात माझा तो सारा उन्हाळा गेला.

जाहिरात माझ्यासमोर ठेवली ती माझ्या मुलीने. ती तेथील एका सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. जावईही त्याच रुग्णालयात क्ष-किरण विभागात काम करतात. बारा-तेरा वर्षे ही मंडळी तेथे आहेत. दोन्ही नातवंडे तेथेच जन्मली. इतकी वर्षे ती भाड्याच्या घरात राहिली आणि त्या वर्षी घरमालकाने घर रिकामे करण्याची नोटीस दिली. कारण साधे होते. वर्षभर राहणाऱ्या कुटुंबाकडून जे भाडे मिळते त्याहून अधिक पैसा उन्हाळ्यात येणारे प्रवासी काही आठवड्यांत देऊन जातात. तेव्हा आता स्वतःचे घर घ्यावे, असे उभयतांच्या मनात आले. पसंत पडले ते हे पाणचक्कीचे घर. किमतीचा आकडा मी येथे देत नाही; त्याचे रुपये करू लागलो तेव्हा हिशेबाच्या वहीतला रकाना पुरेना. कर्ज मिळणार होते, परंतु आरंभी भरावयाच्या रकमेत तूट होती. मुलगी एका संध्याकाळी चाचरत म्हणाली, “बाबा, आपल्या वसईच्या वाडीतला माझा वाटा... पुढेमागे मला देणारच असाल, तर त्याचा आताच विचार करता येईल का?”

मी होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. “आधी घर पाहू,” असे म्हणालो.

घर पाहिले. उत्तरेकडच्या किनाऱ्यापासून दोनएक मैलांवर, दोन टेकड्यांच्या बेचक्यात ते उभे आहे. भिंती ग्रॅनाइटच्या, हातभर जाडीच्या; छप्पर डेलाबोलच्या खाणीतल्या निळसर काळ्या पाटीच्या दगडाचे. घराच्या एका अंगाला लाकूड कुजून गेलेले, नुसता लोखंडी सांगाडा उरलेले भले मोठे चाक. वरच्या अंगाला ओढ्याचे पाणी अडवून काढलेला पाट. तिकडे त्याला ‘लीट’ म्हणतात. आमच्या वाडीत बावखलातून रहाटाने काढलेले पाणी ज्या पाटाने केळीच्या आळ्यांना जात असे, त्याची मला तत्काळ आठवण झाली. फरक एवढाच की रहाटात चाक पाण्याला उचलते आणि पाणचक्कीत पाणी चाकाला फिरवते. एकाने शेत भिजते, दुसऱ्याने धान्य दळले जाते. भाकरीच्या वाटेवरची ही दोन टोके आहेत.

मराठी वाचकाला पाणचक्की म्हटले की औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली पाणचक्की आठवेल. दूरच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून आणून तेथे फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी पीठ दळले जाई. आपल्याकडे ती नवलाची गोष्ट म्हणून पाहिली जाते. इंग्लंडात मात्र पाणचक्की ही गावोगावची गोष्ट होती. विल्यम राजाने १०८६ साली आपल्या राज्याची जी मोजणी करून घेतली, त्या ‘डूम्सडे’ नावाच्या दप्तरात साडेपाच हजारांहून अधिक चक्क्यांची नोंद आहे. त्या सगळ्या पाण्याच्या. पवनचक्क्या त्या देशात आल्या त्या नंतर, बाराव्या शतकाच्या अखेरीस. किनाऱ्यालगत तर भरतीच्या पाण्यावरही चक्क्या चालत. भरतीला आत आलेले पाणी दार लावून तळ्यात कोंडावयाचे आणि ओहोटी लागली की ते चाकावर सोडावयाचे. सफोकमधील वुडब्रिज येथील अशा चक्कीची पहिली नोंद ११७० सालची आहे. ती ऑगस्टिनियन संन्याशांच्या मठाची होती. आठव्या हेन्रीने १५३६ पासून मठ बरखास्त केले तेव्हा तीही राजाकडे गेली. पुढे अनेक हात बदलून, इमारत पुन्हा बांधली जाऊन ती १९५७ पर्यंत दळत राहिली आणि मुख्य दांडा मोडला तेव्हाच थांबली. आता ती दुरुस्त होऊन पुन्हा दळते. लोक ती पाहावयास जातात.

कॉर्नवॉलची जुनी भाषा इंग्रजी नव्हे. ती वेल्श आणि ब्रेटन यांच्या कुळातली. चक्कीला तीत ‘मेलिन’ म्हणतात. तिकडे ‘मेलिंजी’ नावाची ठिकाणे आहेत. त्या नावाचा अर्थच मुळी ‘चक्कीचे घर’. आणि त्या परगण्याचा आवडता संत पिरान तर दळणाच्या दगडावर बसूनच तेथे आला अशी आख्यायिका आहे. आयर्लंडमधल्या त्याच्या विरोधकांनी त्याला जात्याच्या तळीला बांधून कड्यावरून समुद्रात ढकलले. पण खवळलेला समुद्र शांत झाला, दगड लाकडासारखा तरंगू लागला आणि संत पेरनपोर्थच्या वाळूत सुखरूप उतरला. त्याचा सण ५ मार्चला येतो. काळ्या भूमीवर पांढरा क्रूस असे त्याचे निशाण आज साऱ्या कॉर्नवॉलचे निशाण झाले आहे. शुभवर्तमानात जात्याची तळी गळ्यात बांधून समुद्रात बुडवण्याचा जो धाकाचा दृष्टान्त आहे तो मी लहानपणापासून ऐकत आलो. तीच तळी एखाद्याची नौका होते, हे मात्र तेथे प्रथमच ऐकले.

‘ऐतिहासिक’ या विशेषणात जाहिरातीला यांपैकी काहीच अभिप्रेत नव्हते. तिला जुन्या तुळया आणि जाड भिंती सांगावयाच्या होत्या. पण चक्कीचा इतिहास हा केवळ दगडालाकडाचा इतिहास नाही. तो दळणाऱ्याचा, दळून घेणाऱ्याचा आणि दळणावर हक्क सांगणाऱ्याचा इतिहास आहे. मध्ययुगात बहुतेक ठिकाणी गावची चक्की जमीनदाराची असे. कुळांनी आपले धान्य तेथेच दळले पाहिजे असा दंडक होता, आणि दळणाबद्दल धान्याचाच एक हिस्सा, पुष्कळ ठिकाणी सोळावा, कापून घेतला जाई. घरी जाते फिरवणे हा मग गुन्हा ठरे. सेंट ऑल्बन्स येथील बेनेडिक्टाइन मठाने चौदाव्या शतकात लोकांची घरगुती जाती जप्त केली आणि मठाधिपती रिचर्ड यांनी ती मठाच्या एका दालनात फरशी म्हणून बसवून टाकली. पन्नास वर्षांनी, १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडात, त्या गावचे लोक मठात शिरले, त्यांनी ती फरशी उखडली, दगड फोडले आणि रविवारी देवळात आशीर्वादित भाकरीचे तुकडे वाटावेत तसे त्यांचे तुकडे आपापसांत वाटून घेतले. हा वृत्तान्त मठातल्याच इतिवृत्तकाराने लिहून ठेवला आहे. कॅथलिक वाचकाने तो टाळू नये. ज्यांनी रोजची भाकर मागावयास शिकवावे त्यांनीच भाकरीच्या दगडावर कुलूप घातले, आणि अडाणी म्हणवणाऱ्या माणसांनी त्या दगडाचा अर्थ अधिक खरा जाणला, अशी ती गोष्ट आहे.

आमच्या घरी जाते होते. माझी आजी पहाटे तांदूळ दळावयास बसे. खुंटा, मुख, वरची तळी, खालची तळी, वैरण घालणारा हात हे सारे मला ठाऊक होते. त्यामुळे घर दाखवावयास आलेल्या गृहस्थाने कोपऱ्यात टेकवून ठेवलेले दगड ‘शोभेची वस्तू’ म्हणून दाखवले तेव्हा मी गुडघे टेकून त्यांवरून हात फिरवला. चार फुटांचा व्यास, टनाच्या आसपास वजन. अंगावर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या पन्हळी खोदलेल्या. धान्य मध्यावर पडते, पन्हळींच्या कडांमध्ये कातरले जाते आणि फिरता फिरता पीठ होऊन कडेने बाहेर येते. दोन दगड एकमेकांना टेकू द्यावयाचे नसतात. कडेला कागदाच्या जाडीएवढी फट राखावी लागते. टेकले तर ठिणगी पडते, फट वाढली तर भरड निघते. पन्हळी झिजल्या की पुन्हा टाकी लावावी लागे आणि त्यासाठी गावोगाव फिरणारे कारागीर असत. आपल्याकडचे टाकी लावणारे, तसेच ते. पोलादाचे कण उडून त्यांच्या हातांवर काळे ठिपके कायमचे रुतलेले असत. उत्तम दगड फ्रान्समधल्या मार्न नदीच्या खोऱ्यातून येत. गारगोटीसारखे कठीण तुकडे एकमेकांना जोडून वरून लोखंडी धाव चढवलेली असे. दगडावरच्या चाड्यातून धान्य थेंबाथेंबाने पडावे म्हणून एक दांडी त्याला सतत खटखट हलवीत राही. तिला चक्कीवाल्यांनी ‘कुमारिका’ असे नाव दिले होते, कारण तिची बडबड दिवसभर थांबत नसे! कामाच्या जागी माणसे थट्टा करतात तेथे काम जिवंत असते, असे मला वाटते.

हे काम मेले ते एकाएकी नव्हे. जॉन स्मीटन या अभियंत्याने १७५९ साली प्रयोगांनी दाखवून दिले की, पाणी चाकाच्या खालून वाहण्याऐवजी वरून पडले तर त्याच पाण्यात दुपटीच्या आसपास काम होते. आम्ही पाहिलेले चाक तसेच, वरून पाणी घेणारे होते. पुढे शंभर वर्षे पाणचक्क्यांची भरभराट झाली. १८४६ साली परदेशी धान्यावरची जकात उठवण्याचा कायदा झाला, अमेरिकेचा गहू बंदरांत उतरू लागला आणि १८७० नंतरच्या दोन दशकांत पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या. पांढरेशुभ्र, टिकाऊ, स्वस्त पीठ बंदराच्या मोठ्या गिरणीतून निघू लागले. खेड्यातली चक्की प्रथम माणसांऐवजी गुरांचे खाद्य भरडू लागली, मग तेही थांबले. काही चक्क्या कोसळल्या, काही गोदामे झाल्या, आणि ज्यांच्याजवळून ओढा गोड आवाज करीत वाहत होता त्यांची घरे झाली.

येथे जाहिरातीतले दुसरे विशेषण येते: ‘रूपांतरित’. आम्ही ते घर पाहिले तो दिवस ६ ऑगस्टचा, प्रभूच्या रूपांतराच्या सणाचा होता. त्यामुळे हा शब्द माझ्या मनात जरा अधिकच घोळला. डोंगरावर प्रभूचे रूपांतर झाले तेव्हा त्याचे स्वरूप बदलले नाही; जे आत होते तेच क्षणभर बाहेर प्रकटले. घरांच्या रूपांतराची रीत उलटी. बाहेरचे रूप जसेच्या तसे राखावयाचे आणि आतले स्वरूप बदलून टाकावयाचे. दगड ठेवावयाचे पण दळण नको. पाट ठेवावयाचा पण पाण्याला काम नको. मी हे उपहासाने म्हणत नाही. असे रूपांतर झाले नसते तर ही इमारत आज उभी नसती. विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तिने १९३१ पासून चक्क्यांसाठी स्वतंत्र विभाग चालवला, आणि १९४७ च्या कायद्याने अशा वास्तूंची सरकारी यादी होऊ लागली. यादीतल्या घराचा मालक परवानगीवाचून खिडकीदेखील बदलू शकत नाही. बदलली तर तो फौजदारी गुन्हा आहे. आमचे, म्हणजे मुलीने पसंत केलेले, घर त्या यादीत दुसऱ्या श्रेणीत होते.

मग तज्ज्ञाकडून घराची तपासणी करून घेतली. त्याचा अहवाल मी रात्री बसून वाचला. ग्रॅनाइटच्या भिंतींच्या सांध्यांत मूळचा चुना होता तो केव्हातरी काढून सिमेंट भरले होते. चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही. त्यामुळे आतली ओल आतच मुरत राहिली होती. आमच्या वसईतल्या जुन्या घरांनाही सिमेंटच्या गिलाव्याने हाच रोग जडला आहे. पाटाचा काठ दोन ठिकाणी खचला होता. ओढ्याकाठचा मालक या नात्याने प्रवाह मोकळा ठेवणे ही घरमालकाचीच जबाबदारी होती. चाक पुन्हा फिरवून वीज करावी अशी जावयांची हौस. तर त्यासाठी पाणी वळवण्याचा परवाना हवा, माशांना आणि वाम्यांना वर जाण्याची वाट राखावयास हवी. आणि पुराचा धोका तर जाहिरातीत नव्हताच. त्याच किनाऱ्यावरच्या बॉस्कॅसल गावात १६ ऑगस्ट २००४ रोजी काही तासांच्या पावसाने व्हॅलेन्सी नदीला असा लोंढा आला की मोटारी खेळण्यांसारख्या बंदरात वाहून गेल्या. शंभरएक माणसे छपरांवरून आणि झाडांवरून हेलिकॉप्टरने उचलावी लागली. देवाची कृपा अशी की एकही जीव गेला नाही. अशा घरांचा विमा परवडावा म्हणून २०१६ पासून तेथे एक राष्ट्रीय योजना आहे. पण तीही २०३९ पर्यंतच. गृहकर्ज संपावयाच्या आधी योजना संपणार, असा तो हिशेब होता.

आता तिसरे विशेषण, ‘समुद्रानजीक’. या एका शब्दाने किंमत किती चढते हे वसईकरांना सांगावयास नको. कॉर्नवॉलमध्ये समुद्राजवळची पुष्कळ घरे दुसरी घरे आहेत. म्हणजे मालक लंडनला किंवा आणखी कोठे राहतो आणि उन्हाळ्यात काही दिवस येथे येतो. हिवाळ्यात अशा गावांतून संध्याकाळी चालत जावे तर दहा घरांत दोन दिवे. शाळेत मुले नाहीत, दुकान चालत नाही, आणि रुग्णालयात काम करणाऱ्याला राहावयास घर नाही. सेंट आइव्हज गावाने २०१६ साली सार्वमत घेऊन ठरवले की, गावात नवे बांधले जाणारे घर कायम राहणाऱ्यालाच मिळावे. ऐंशी टक्क्यांहून अधिक मते त्या बाजूने पडली. पण तो नियम नव्या घरांना; जुन्या चक्कीला तो कसा लागणार? एप्रिल २०२५ पासून कॉर्नवॉलने दुसऱ्या घरांवरचा स्थानिक कर दुप्पट केला आहे. मात्र ज्याला समुद्राजवळचे दुसरे घर परवडते त्याला बहुधा दुप्पट करही परवडतो.

हे सारे समजून घेतल्यावर माझ्या मनातला पहिला संकोच गळून पडला. आपण परके, त्यांच्या जुन्या वास्तूवर आपण का हात ठेवावा, असे मला आरंभी वाटत होते. पण ज्या गावात दिवे लागत नाहीत तेथे बारा महिने दिवा लावणारे कुटुंब परके कसे म्हणावे? जी बाई रात्रपाळी करून त्याच परगण्यातल्या म्हाताऱ्यांची सेवा करते, तिने तेथे घर मागणे यात आगंतुकपणा कसला? मी मुलीला म्हणालो, “घर घ्या. ओलीला घाबरू नका, चुना पुन्हा भरता येतो. पुराचा मात्र नीट विचार करा.”

“आणि वाडीचे?” तिने विचारले.

त्याचे उत्तर मला जुन्या करारात सापडले होते. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात मोशेच्या नियमशास्त्राची एक लहानशी आज्ञा आहे. कोणी कोणाचे जाते किंवा जात्याची तळी गहाण घेऊ नये. कारण तसे करणे म्हणजे त्या माणसाचा जीवच गहाण घेणे होय, असा तिचा आशय आहे. कर्ज देऊ नये असे ते शास्त्र म्हणत नाही, गहाण घेऊ नये असेही म्हणत नाही. ज्यावर रोजची भाकर अवलंबून आहे त्याला हात लावू नये, एवढीच मर्यादा ते घालते. आमची वाडी माझ्या नावावर अर्धी असली तरी तिच्यात राबतो तो माझा धाकटा भाऊ. केळी, सोनटक्का, जास्वंद, थोडी भाजी आणि मधोमध ते बावखल, ज्याच्या गोड्या पाण्यावर समुद्राच्या इतक्या जवळ हे सारे हिरवे राहते. रहाट केव्हाच गेला, आता पंप आहे. पण पाणी तेच. माझा वाटा विकला जाईल तो घर बांधणाऱ्यालाच, आणि घर बांधणारा सर्वांत आधी बावखल बुजवील. मुलीचे घर उभे करण्यासाठी भावाचे जाते गहाण टाकल्यासारखे ते होईल. मी हे तिला जसे सुचले तसे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “काकांचा विचार माझ्या मनात आला नव्हता असे नाही, बाबा. तुम्ही हो म्हणाला असतात तर माझे मन खात राहिले असते.”

त्याच उन्हाळ्यात, २५ जुलैला, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या निधनाची वार्ता आम्हांला तेथे मिळालेली होती. हरित वसईसाठी त्यांनी उभा जन्म दिला. दूरदेशी बसून बावखल विकण्याची गोष्ट त्या दिवसांत माझ्या तोंडून निघणे तसेही कठीण होते.

माझ्या निवृत्तिवेतनातली शिल्लक आणि मुलीच्या आईचे थोडे दागिने मी तिला देऊ केले. जावयांनी स्नेह्यांकडून काही रक्कम उभी केली. तूट कशीबशी भरून निघाली. मालकाने आमची किंमत तोंडी मान्य केली. मी ऑक्टोबरात परतलो. पण इंग्लंडच्या कायद्यात दोन्ही बाजूंच्या करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत विक्री पक्की होत नाही. तोवर विकणाऱ्याला शब्द फिरवता येतो. डिसेंबरात दुसरे गिऱ्हाईक आले. त्याला कर्जाची गरज नव्हती आणि त्याने किंमत वाढवून दिली. घर त्याला गेले. ते उन्हाळ्यातच वापरण्याचा त्याचा बेत आहे, असे पुढे कळले. तपासणीचा आणि वकिलाचा खर्च आमच्या माणसांच्या अंगावर पडला. मुलीने दूरध्वनीवर हे सांगितले तेव्हा तिचा आवाज स्थिर होता. तो स्थिर ठेवण्यासाठी तिला किती कष्ट पडत होते हे बापाला कळत होते. पुढे त्यांनी रुग्णालयाच्या शहरातच एका लांबलचक रांगेतले अरुंद घर घेतले. तेथे ओढा नाही, इतिहास नाही, समुद्रही दिसत नाही. पण ते कायमचे आहे. नातीने परसात कोथिंबीर पेरली आहे.

राहून राहून माझ्या मनात येते की ‘विक्रीस उपलब्ध’ हे पद त्या चारांतले सर्वांत प्रामाणिक होते. बाकीची तीन पदे घराविषयी होती. हे आपल्या काळाविषयी होते. पूर्वी चक्कीवर हक्क सांगणारे निदान तिच्यात दळण तरी चालू ठेवीत; त्यांना तिच्यातून पीठ हवे होते. आताच्या मालकाला तिच्यातून निसर्गदृश्य हवे आहे. सेंट ऑल्बन्सच्या लोकांनी फोडावी अशी फरशी येथे नाही, कारण कोणी कोणाचे जाते हिसकावलेले नाही. ते रीतसर विकत घेतले आहे. अन्याय दिसत नाही, फक्त घरातला दिवा दिसत नाही.

वसईतही आता जाहिराती येतात. ‘किनाऱ्यालगत’, ‘निसर्गाच्या कुशीत’, ‘पारंपरिक वाडी’. व्याकरण तेच आहे. एक दलाल मे महिन्यात आमच्या दारी येऊन गेला. भावाने त्याला पाणी दिले, केळी दिली आणि परत पाठवले. नंतर आम्ही दोघांनी शेजारच्या चार पोरांना हाताशी धरून बावखलाचा गाळ उपसला. किती वर्षांनी, ते आता कोणालाच आठवत नव्हते. माझ्याच्याने घमेली उचलवत नव्हती, म्हणून मी काठावर बसून ती मोजत होतो. दोनशेपुढे मोजणे सोडून दिले. तळाशी रहाटाची दोन फुटकी गाडगी मिळाली. भावजयीने ती धुऊन एकात तुळस आणि दुसऱ्यात मोगरा लावला. पहिल्या पावसाने बावखल काठोकाठ भरले.